जुन्या आर्केड गेमच्या बोर्डांची दुरुस्ती आणि बदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोर्डाचा फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते: "मेलाय का हा?" फोटोवरून ते सांगता येत नाही. त्यानंतर येणारे प्रश्न मात्र जवळपास ठरलेले असतात. ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे. उदाहरणं माझ्या टेबलावर जास्त येणाऱ्या बोर्डांची आहेत: पॅक-मॅन, डाँकी काँग, कॅपकॉमचे सीपीएस आणि निओ-जिओ (ही शेवटची दोन एकाच गेमची नावं नाहीत, अनेक गेम चालवणारी बोर्डांची घराणी आहेत).

१. जॅमा, जॅमा म्हणतात ते नक्की काय?

जॅमा हे जपानमधल्या आर्केड उत्पादकांच्या संघटनेचं नाव. या संघटनेने १९८५ मध्ये वायरिंगची एक पद्धत ठरवून दिली आणि पुढे त्या वायरिंगलाच जॅमा म्हणायला लागले. त्याआधी प्रत्येक गेमचं वायरिंग वेगळं असायचं, त्यामुळे गेम बदलायचा म्हणजे अख्खं कॅबिनेट उसवायचं.

जॅमा बोर्डाच्या कडेला जोडणीच्या ५६ धातूच्या पट्ट्या असतात, वर २८ आणि खाली २८. दोन पट्ट्यांमधलं अंतर ३.९६ मिलिमीटर. आयसी बसवलेल्या बाजूला आकडे असतात आणि सोल्डरच्या बाजूला इंग्रजी अक्षरं. जी, आय, ओ आणि क्यू ही अक्षरं गाळलेली असतात, त्यामुळे मोजताना घोटाळा होतो. १ आणि २ ग्राउंड, ३ आणि ४ वर ५ व्होल्ट, ५ वर उणे ५, ६ वर १२ व्होल्ट. ७ ची जागा कापलेली, तिथे कनेक्टरची खूण बसते. या सातही जागांवर दोन्ही बाजूंना तेच असतं. पुढे स्पीकर, व्हिडिओ, नाणं, स्टार्ट, मग १८ ते २१ दिशा, २२ ते २४ बटणं आणि शेवटी २७-२८ पुन्हा ग्राउंड.

२. "कन्व्हर्जन" म्हणजे बोर्डात बदल की कॅबिनेटमध्ये?

लोक तीन वेगळ्या गोष्टींना हाच शब्द वापरतात. एक, जॅमाच्या आधीचा बोर्ड अॅडॅप्टर लावून जॅमा कॅबिनेटमध्ये चालवणं (प्रश्न १३ आणि १४). दोन, एका गेमच्या बोर्डावर रॉम (प्रोग्राम आणि चित्रं साठवलेल्या चिप) किंवा जोडपाटी (वरून बसवायचा छोटा बोर्ड) बदलून दुसरा गेम चालवणं (प्रश्न १५ आणि १६). तीन, कॅबिनेटमधला जुना बोर्ड काढून तिथे "साठ गेम एकात" छापाचा बोर्ड टाकणं. तिसऱ्याला माझी हरकत नाही, फक्त काढलेला बोर्ड भंगारात देऊ नका.

कुठलाही बदल करताना मी एकच अट पाळतो: उद्या कोणाला बोर्ड मूळ रूपात आणायचा असेल, तर अर्ध्या तासात आणता आला पाहिजे. म्हणजे ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) कापायचा नाही, मूळ कनेक्टर छाटायचा नाही आणि काढलेल्या रॉम नावं लिहून पाकिटात ठेवायच्या.

३. माझा बोर्ड जॅमा आहे हे कसं ओळखू?

पट्ट्या मोजा. एका बाजूला २८ आणि सातव्या जागी खाच असेल तर बहुधा जॅमा. पण "बहुधा"वर सप्लाय जोडू नका. ५६ पट्ट्यांचा पण वेगळ्या वायरिंगचा बोर्डही मिळतो.

मल्टिमीटर बीपवर ठेवा. १४ पायांच्या साध्या टीटीएल (५ व्होल्टवर चालणाऱ्या लॉजिक) आयसीत सहसा ७ वा पाय ग्राउंड आणि १४ वा ५ व्होल्ट. १६ पायांच्या आयसीत ८ आणि १६, २० पायांच्या आयसीत १० आणि २०. एक टोक त्या पायावर ठेवून दुसरं कडेच्या पट्ट्यांवर फिरवा. ग्राउंड १-२ वर आणि ५ व्होल्ट ३-४ वर सापडले की पुढचं वायरिंग तपासायला घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

४. सप्लाय कोणता लावू? घरातला कॉम्प्युटरचा चालेल का?

आर्केडसाठीचा स्विचिंग सप्लाय घ्या. त्यावर ५ व्होल्ट कमी-जास्त करायचा स्क्रू असतो आणि उणे ५ ची तारही असते. कॉम्प्युटरच्या नव्या सप्लायमध्ये उणे ५ मिळत नाही, आणि ५ व्होल्ट थोडे पडले तर वाढवायची सोय नसते.

व्होल्टेज सप्लायच्या टोकाशी मोजू नका. कनेक्टरपासून सगळ्यात लांबच्या आयसीवर मोजा. तिथे ४.९ ते ५.१ हवेत. सप्लायपाशी ५.० आणि बोर्डाच्या लांबच्या कोपऱ्यात ४.६ असं दिसलं तर दोष वायरिंगमध्ये किंवा काळ्या पडलेल्या पट्ट्यांत आहे. अशा वेळी स्क्रू फिरवून ५.४ करणं हा आजारावर इलाज नाही. आधी पट्ट्या खोडरबराने घासा आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर नको, त्याने वरचा मुलामा जातो.

उणे ५ सगळ्यांनाच लागतात असं नाही. पण बोर्डावर ४११६ रॅम असतील तर तिन्ही व्होल्टेज लागतात: ५, १२ आणि उणे ५. त्या बोर्डावर उणे ५ ची तार जोडल्याशिवाय सप्लाय चालू करू नका, रॅम जातात.

५. कनेक्टर उलटा लागला आणि आता काहीच होत नाही. गेला का बोर्ड?

हे माझ्याही हातून झालंय, त्यामुळे टोमणा मारत नाही. हार्नेसमधली (कॅबिनेटच्या तारांच्या जुडग्याच्या कनेक्टरमधली) खूण निघून गेली होती, रात्रीची वेळ होती, आणि "बसला" म्हणून मी बटण दाबलं.

उलटा लागल्यावर काय होतं ते मोजून बघा. १ च्या जागी २८ येतो, २ च्या जागी २७. म्हणजे प्रत्येक जोडीची बेरीज २९. ग्राउंड ग्राउंडवरच पडतो. ५ व्होल्टच्या तारा २५ आणि २६ वर जातात, त्यामुळे बोर्डाला सप्लायच मिळत नाही आणि तो मेल्यासारखा वाटतो. नुकसान करतात ते १२ व्होल्ट. ते ६ वरून २३ वर, म्हणजे दोन्ही खेळाडूंच्या दुसऱ्या बटणावर जातात. उणे ५ तिसऱ्या बटणावर.

म्हणून पडदा येतोय का हे आधी बघा. माझ्या बोर्डाचा गेम व्यवस्थित चालू झाला, फक्त उडी मारणारं बटण कायम दाबलेलं राहिलं. बटणांच्या रेषा ज्या आयसीत शिरतात ती (बहुतेक वेळा ७४एलएस२४४ किंवा २४०) बदलली आणि विषय संपला. बटणं थेट कस्टम चिपमध्ये (कंपनीने स्वतःसाठी बनवून घेतलेल्या) जात असतील तर मात्र काम महागात पडतं.

६. पडदा काळा आहे किंवा गोठलेला कचरा दिसतो. सुरुवात कुठून करू?

सोल्डरिंग गनपासून नाही. बोर्ड खिडकीपाशी धरा आणि तिरक्या उजेडात पाहा. सॉकेटमधून वर आलेली आयसी, आत दुमडलेला पाय, स्क्रू-ड्रायव्हरने ओरखडलेला ट्रॅक, कोणीतरी काढून नेलेली रॉम. सॉकेटमधल्या आयसी हलक्या हाताने वर करून परत बसवा. यानेच सुटणारे बोर्ड तुम्हाला वाटतात त्याहून जास्त असतात.

मग प्रश्न ४ प्रमाणे व्होल्टेज. ते ठीक असेल तर प्रोसेसर. लोक पहिल्यांदा प्रोसेसर बदलतात, आणि माझ्या अनुभवात तो क्वचितच दोषी निघतो. झेड-८० असेल तर ११ व्या पायावर ५ व्होल्ट, २९ वर ग्राउंड, ६ वर क्लॉक (त्याला चालवणारे ठोके). पॅक-मॅनमध्ये १८.४३२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला सहाने भागून ३.०७२ मेगाहर्ट्झ तयार होतात. क्लॉक नसेल तर क्रिस्टलपासून प्रोसेसरपर्यंतच्या आयसी एकेक तपासा. मग २६ वा पाय म्हणजे रिसेट. सप्लाय देताच तो क्षणभर खाली राहतो आणि मग वर जातो. कायम खालीच असेल तर रिसेट सर्किट बघा. ठरावीक अंतराने खाली-वर होत असेल तर प्रश्न ७ वाचा. २४ वा पाय कायम खाली असेल तर प्रोसेसर कोणाची तरी वाट बघत थांबलाय. ६८००० या प्रोसेसरच्या ६४ पायांच्या जुन्या रूपात क्लॉक १५ वर, हॉल्ट १७ वर आणि रिसेट १८ वर.

क्लॉक आणि रिसेट दोन्ही बरोबर असतील तर लॉजिक प्रोब (रेषा शून्यावर आहे की एकवर ते दाखवणारं साधन) घेऊन झेड-८० च्या सोळाही अॅड्रेस आणि आठही डेटा रेषांवरून जा. सगळ्या हलत्या हव्यात. एखादी ठार गप्प असेल, किंवा प्रोब वर-खाली काहीच दाखवत नसेल, तर ती रेषा कुठे कुठे जाते ते शोधा. टीटीएलमध्ये ०.८ व्होल्टच्या खाली शून्य आणि २.० च्या वर एक. दीडच्या आसपास लोंबकळणारी रेषा कोणीच चालवत नाहीये, असं समजा.

७. गेम सारखा रिसेट होतो, स्पीकरमधून टक-टक येतं. हे काय आहे?

वॉचडॉग. प्रोग्राम नीट चालू असेल तर तो एका ठरावीक पत्त्यावर सतत काहीतरी लिहीत राहतो. ते लिहिणं थांबलं की वॉचडॉग समजतो की प्रोग्राम भरकटला आणि प्रोसेसरला पुन्हा सुरुवात करायला लावतो. निओ-जिओमध्ये ही मुदत सेकंदाच्या साधारण आठव्या भागाइतकी असते, म्हणून ती टक-टक इतकी भराभर ऐकू येते.

वॉचडॉग दोषी नसतो, तो तक्रार करत असतो. प्रोग्रामची रॉम, कामाची रॅम किंवा मधली एखादी बफर आयसी यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. तपासणीपुरता वॉचडॉग बंद करायची सोय बऱ्याच बोर्डांवर असते. ती वापरा, म्हणजे प्रोसेसर एका जागी अडकतो आणि रेषा वाचता येतात.

८. गेम चालतो, पण चित्रं फाटलेली दिसतात. रॅम की रॉम?

काय फाटलंय ते आधी नीट बघा. पार्श्वभूमी स्वच्छ आणि हलणारी पात्रंच खराब असतील तर पात्रांचं सर्किट. सगळी अक्षरं एकाच पद्धतीने खराब असतील, जसं प्रत्येक चौकोनात तीच उभी रेघ, तर चित्रांच्या रॉमचा एखादा बिट किंवा तिच्यापुढची आयसी. कचरा दर वेळी बदलत असेल तर रॅमकडे बोट जातं. रंगच चुकीचे असतील तर आधी हार्नेसची लाल, हिरवी, निळी तार तपासा. तासभर डोकं खाजवल्यावर सुटलेली तार सापडणं फार अपमानकारक असतं.

स्वतःची तपासणी करणारे बोर्ड बरंच सांगून टाकतात. पॅक-मॅन सुरुवातीला पडदाभर कचरा दाखवतो, तो दोष नव्हे. तपासणी पार पडली की रॅम-रॉम ठीक असल्याचा संदेश येतो. निओ-जिओ तर पत्ता, लिहिलेला आकडा आणि वाचलेला आकडा असे तिन्ही पडद्यावर छापतो. लिहिले ५५५५ आणि वाचले ५५००, म्हणजे खालच्या बाइटची रॅम किंवा तिथवर जाणारा ट्रॅक. दोनपैकी कोणती चिप, हे सोल्डर न वितळवता कळलं.

९. फुजित्सूच्या आयसी दिसल्या की सगळ्याच बदलायच्या, हे खरं आहे का?

अर्धं खरं. जुन्या बोर्डांवरच्या फुजित्सूच्या टीटीएल आयसी (एमबी७४एलएस अशी सुरुवात असलेल्या) इतरांपेक्षा कितीतरी जास्त निकामी होतात, यावर दुरुस्ती करणाऱ्यांत फारसं दुमत नाही. त्या बहुधा एकाच पद्धतीने जातात: आउटपुट शॉर्ट होत नाही, नुसतं लोंबकळतं. त्याचा फायदा असा, की संशयित आयसीच्या पाठीवर तीच चांगली आयसी पाय जुळवून दाबून धरली की चित्र सुधारतं. आउटपुट शॉर्ट झालं असेल तर ही युक्ती चालत नाही.

पण चालू असलेल्या सरसकट काढू नका. तीस आयसी काढायच्या म्हणजे चारशेहून जास्त भोकं, आणि तितक्याच वेळा ट्रॅक उखडण्याची संधी.

१०. आयसी काढताना ट्रॅक उखडतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा घाई. आयसी वाचवायची नसेल तर बारीक कटरने तिचे पाय अंगापाशी कापा, धड फेकून द्या आणि उरलेले पाय एकेक करून तापवून चिमट्याने काढा. वाचवायची असेल तर पंप असलेली डिसोल्डरिंग गन लागते. आधी प्रत्येक पायावर थोडं ताजं सोल्डर घाला. जुनं सोल्डर एकटं नीट वितळत नाही. ग्राउंडचा पाय सगळ्यात शेवटी घ्या, तिथला तांब्याचा पट्टा उष्णता पिऊन टाकतो.

प्रत्येक पाय भोकात मोकळा हलतो का हे चिमट्याच्या टोकाने बघा. एकही अडकलेला असताना उचललं की भोकातला तांब्याचा अस्तर पायाबरोबर येतो. नवी आयसी थेट लावू नका, सॉकेट लावा.

११. जुन्या आयसी आपल्याकडे कुठे मिळतात? ७४एलएस ऐवजी ७४एचसी चालेल का?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. साध्या टीटीएल आयसी तिथे आजही मिळून जातात. २११४ किंवा ४११६ सारख्या रॅम मागितल्या तर दुकानदार आधी तुमच्याकडे नीट बघतो, मग आतल्या डब्यात शोधतो. वरचा छापा अगदी ताजा आणि पाय मात्र झिजलेले दिसले तर तो माल बोर्डावरून काढून पुन्हा छापलेला आहे. घ्यायचाच तर दोन जास्त घ्या.

७४एचसी नको. एलएस आयसी २.० व्होल्टला "एक" मानते, एचसीला ५ व्होल्टच्या सप्लायवर साधारण ३.५ लागतात आणि जुन्या आयसीचं आउटपुट तिथवर पोचेलच असं नाही. ७४एचसीटी टीटीएलच्याच पातळ्या मानते, ती बहुतेक ठिकाणी चालते. जिथे मूळ ७४एस किंवा ७४एफ आहे तिथे तीच लावा. तिथे वेगाचा प्रश्न असतो आणि एलएस मागे पडते.

१२. ईप्रॉम (पुसून पुन्हा भरता येणारी रॉम) खराब आहे हे कसं कळेल, आणि दुसरी कशी भरायची? मूळ आकाराची मिळत नसेल तर?

प्रोग्रामरमध्ये (रॉम वाचायच्या-भरायच्या यंत्रात) बसवून वाचा, वाचलेल्या फाइलची खूणसंख्या (चेकसम) मेममधल्या नोंदीशी ताडून पाहा. मेम हा आर्केडचा एम्युलेटर १९९७ पासून चालू आहे आणि त्यात प्रत्येक गेमच्या प्रत्येक रॉमची नोंद असते. तीन वेळा वाचा. तिन्ही वेळा वेगळी संख्या आली तर आधी पाय साफ करा, मगच रॉम खराब म्हणा.

पुसण्यासाठी २५४ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील दिवा लागतो, वेळ साधारण १५ ते २० मिनिटं. दिव्याकडे बघू नका. खिडकीवरचा स्टिकर मूळ असेल तर तो काढण्याआधी फोटो घ्या.

भरताना व्होल्टेज बघा. २७१६ आणि २७३२ ला २५ व्होल्ट लागतात, २७३२ए ला २१, २७६४ए ला १२.५. स्वस्त यूएसबी प्रोग्रामर सहसा २५ पर्यंत पोचत नाहीत. आणखी एक खड्डा: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची २५३२ आणि इंटेलची २७३२ या दोन्ही ४ किलोबाइटच्या, दोन्ही २४ पायांच्या, पण पायांची रचना वेगळी.

मोठी रॉम लहान रॉमच्या जागी चालते, पण आतला मजकूर दोनदा भरा. २७सी१२८ च्या जागी २७सी२५६ घेतली तर तीच १६ किलोबाइटची फाइल एकामागे एक दोनदा. २७ वा पाय १२८ मध्ये प्रोग्रामिंगचा आहे आणि २५६ मध्ये अॅड्रेसचा. बोर्डावर तो बहुधा ५ व्होल्टला जोडलेला असतो, म्हणजे वाचला जातो तो वरचा अर्धा भाग. तिथे काही नसेल तर पडदा काळा आणि तुम्ही बुचकळ्यात.

कारखान्यात छापलेल्या मास्क रॉमच्या बाबतीत जास्त सावध राहा. २८ पायांच्या १ मेगाबिट मास्क रॉम असतात आणि त्याच क्षमतेची २७सी०१० मात्र ३२ पायांची. मधे अॅडॅप्टर लागतो.

१३. पॅक-मॅनचा बोर्ड जॅमा कॅबिनेटमध्ये लावायचाय. नुसता अॅडॅप्टर पुरेल?

अॅडॅप्टर लागेल, पण तो कोणता हे महत्त्वाचं. १९८० च्या पॅक-मॅनच्या बोर्डाला ४४ पट्ट्या आहेत. अमेरिकेत मिडवेने काढलेल्या बोर्डात कॅबिनेटच्या ट्रान्सफॉर्मरमधून साधारण ७ व्होल्ट एसी कनेक्टरमधून थेट आत येते आणि तिचं डीसी बोर्डावरच होतं. एवढा करंट त्या पट्ट्यांतून वर्षानुवर्षं गेल्याने त्या जळतात. काळवंडलेली कड हा या बोर्डाचा जन्मखुणेसारखा दोष आहे.

जॅमाच्या सप्लायमधून येतात सरळ ५ व्होल्ट डीसी. ते एसीच्या पट्टीवर दिले तर रेक्टिफायर आणि रेग्युलेटर त्यातले काही व्होल्ट खातात आणि बोर्ड उठत नाही. अॅडॅप्टर असा हवा की तो ५ व्होल्ट रेग्युलेटरच्या पुढे पोचवतो. घेण्याआधी विचारा. शिवाय या गेमला उभा मॉनिटर लागतो आणि चार दिशांची जॉयस्टिक. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर कोपऱ्यात पॅक-मॅन अडखळतो, मग लोक बोर्डाला दोष देतात.

१४. डाँकी काँगवर अॅडॅप्टर लावला, रंग निगेटिव्हसारखे आणि आवाज नाही.

बोर्ड ठीक आहे. निन्टेंडोने तेव्हा व्हिडिओ उलटा ठेवला होता: इतर बोर्ड जिथे उजळ सिग्नल देतात तिथे हा अंधारा देतो. कॅबिनेटमधला सान्योचा मॉनिटर त्याच हिशोबाने बनवलेला होता आणि आवाजाचा अॅम्प्लिफायरही मॉनिटरच्याच बाजूला होता. म्हणून साध्या जॅमा मॉनिटरला जोडताना रंग उलटवणारं छोटं सर्किट आणि वेगळा अॅम्प्लिफायर, दोन्ही लागतात. उणे ५ ही लागतात.

गंमत अशी, की हा गेम मुळात कन्व्हर्जन म्हणूनच जन्मला. अमेरिकेत रडार स्कोप नावाच्या गेमची जवळपास २००० मशिनं विकली न जाता पडून होती. १९८१ मध्ये त्यांच्यातच बदल करून डाँकी काँग विकायला काढला.

१५. मिस पॅक-मॅनवर साधाच पॅक-मॅन चालतोय, फक्त चित्रं वेगळी. असं कसं?

कारण खाली खरंच पॅक-मॅन आहे. जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या छोट्या कंपनीने पॅक-मॅनवर चढवायची जोडपाटी बनवली होती, तिचं पहिलं नाव क्रेझी ओट्टो. मिडवेने ती घेतली आणि १९८२ मध्ये मिस पॅक-मॅन म्हणून आणली. जोडपाटी झेड-८० च्या सॉकेटमध्ये बसते, प्रोसेसर तिच्यावर जातो, आणि मूळ पॅक-मॅनच्या प्रोग्रामच्या रॉम खाली तशाच राहतात. जोडपाटी फक्त काही पत्त्यांवर मधे पडून आपला मजकूर पुढे करते.

म्हणून दोष शोधायला याहून सोपा बोर्ड नाही. जोडपाटी काढा, झेड-८० मूळ सॉकेटमध्ये लावा. मिस पॅक-मॅनच्या चित्रांसह साधा पॅक-मॅन चालला तर खालचा बोर्ड निर्दोष आहे आणि दोष वरच्या पाटीत, तिच्या रिबन केबलमध्ये किंवा सॉकेटमध्ये. माझ्याकडे आलेल्यांत केबलच जास्त. चाललाच नाही तर प्रश्न ६.

१६. "मुस्तफा"चा बोर्ड मिळालाय. ओरिजिनल आहे का? आणि माझा स्ट्रीट फायटर दोनचा बोर्ड मुस्तफात बदलता येईल का?

आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये या गेमचं खरं नाव विचारलं असतं तर कोणी सांगू शकलं नसतं. तो कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, मुस्तफा त्यातल्या एका पात्राचं नाव. ओरिजिनलमध्ये कॅपकॉमच्या मोठ्या कस्टम चिप आणि क्यूसाउंड ही आवाजाची पद्धत असते. नकली बोर्डावर आवाजासाठी पीआयसी१६सी५७ आणि ओकी ६२९५ दिसली तर खात्री धरा. नकली म्हणून फेकू नका. त्यात साध्या आयसी जास्त असतात, त्यामुळे दुरुस्ती उलट सोपी जाते.

बदलाबद्दल: नाही. दोन्ही सीपीएस-१ घराण्यातले असले तरी रॉमची पाटी वेगळी आणि आवाजाची पद्धतच वेगळी. रॉम बदलून एका गेमचा दुसरा करणं सीपीएस-१ मध्ये होतं, पण तेव्हाच, जेव्हा रॉमची पाटी, त्यावरच्या पाल (लॉजिक भरलेल्या) चिप आणि सीपीएस-बी या कस्टम चिपचा क्रमांक, तिन्ही जुळतात. सीपीएस-बी चा क्रमांक न बघता रॉम भरलेल्यांचे फोटो मला नियमित येतात.

१७. स्ट्रीट फायटरमध्ये लाथेची बटणं चालत नाहीत.

जॅमात प्रत्येकी तीनच बटणं असतात. लाथांची तीन बटणं बोर्डावरच्या वेगळ्या कनेक्टरमधून येतात, त्याला किक हार्नेस म्हणतात. तो लावलेलाच नसेल. सीपीएस-१ आणि सीपीएस-२ चे किक हार्नेस एकमेकांना लावू नका. निओ-जिओचं चौथं बटण मात्र जॅमाच्याच २५ व्या जागेवर येतं.

१८. बॅटरी संपली की बोर्ड कायमचा मरतो, हे कोणत्या बोर्डांत?

कॅपकॉमचे सीपीएस-२ (१९९३ पासूनचे) सगळ्यात प्रसिद्ध. प्रोग्राम सांकेतिक रूपात असतो आणि तो उलगडायची किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या रॅममध्ये. ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी संपली की किल्ली गेली, पडदा एकरंगी. मुस्तफाच्या ओरिजिनल बोर्डातही आवाजाचा प्रोसेसर अशाच किल्लीवर चालतो. सेगाच्या एफडी१०९४ मध्ये तर बॅटरी प्रोसेसरच्याच ठोकळ्यात आहे.

पण "कायमचा" आता खरं नाही. सीपीएस-२ मध्ये २०१६ पासून आर्डुइनो या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाच्या मदतीने किल्ली परत भरता येते, मूळ रॉमला हात न लावता. मला हाच मार्ग पटतो. उलगडलेला प्रोग्राम भरलेल्या नव्या रॉम लावणं हा जुना मार्ग. एफडी१०९४ च्या जागी साधा ६८००० आणि उलगडलेल्या रॉम चालतात.

अजून जिवंत असलेल्या बोर्डाची बॅटरी बदलायची असेल तर नवी बॅटरी आधी समांतर जोडा, मग जुनी काढा. त्या दोन मिनिटांत सोल्डरिंग आयर्नचा प्लग भिंतीतून काढलेला असू द्या.

१९. निओ-जिओची बॅटरी फुटून हिरवं झालंय. वाचेल का?

बहुतेक वेळा हो. इथे बॅटरी संपल्याने काही बिघडत नाही, तिच्यात फक्त हिशोब आणि सेटिंग राहतात. बिघडवतं ते गळणं. निकेल-कॅडमियम बॅटरीतून अल्कली येते आणि ती ट्रॅक खाते.

बॅटरी कापून काढा. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टूथब्रश बुडवून घासा, बारीक बुडबुडे थांबेपर्यंत. मग डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल, मग पंख्याखाली एक दिवस. आता भिंग घ्या. हिरवा लेप जिथे काळपट किंवा फुगलेला दिसतो तिथे सुरीच्या टोकाने हलकेच खरवडा. खाली गुलाबी तांबं दिसलं तर ट्रॅक जिवंत, काळी भुकटी दिसली तर मेला. मेलेल्या ट्रॅकवर केसासारखी बारीक इन्सुलेटेड तार टाका, भोकापासून भोकापर्यंत. शेवटच्या अशा बोर्डावर मी अकरा तारा टाकल्या, आणि तरीही पडद्यावर बॅकअप रॅमचा दोष येत होता. बारावा ट्रॅक एका सॉकेटच्या खाली लपून बसला होता.

परत तशीच बॅटरी लावू नका. नाण्यासारखा सेल लावायचा तर चार्जिंगचा मार्ग डायोडने अडवावा लागतो. न चार्ज होणाऱ्या सेलला चार्ज करणं धोक्याचं आहे. मी काहीच लावत नाही.

२०. एलसीडी टीव्हीवर दिसेल का?

थेट नाही. या बोर्डांचा आडवा स्कॅन साधारण १५.७ किलोहर्ट्झ असतो, कॉम्प्युटरच्या मॉनिटरला ३१ लागतात. मधे कन्व्हर्टर लावा. जॅमाचा आरजीबी सिग्नल बराच तगडा असतो. ०.७ व्होल्टची अपेक्षा करणाऱ्या यंत्राला तो रेझिस्टर लावून कमी करूनच द्या. शिवाय काही गेम ६० च्या वेगाने चालतच नाहीत: आर-टाइप ५५ हर्ट्झ, मॉर्टल काँबॅट ५४.७. हे काही एलसीडी स्वीकारत नाहीत किंवा झटके देत दाखवतात. दोष बोर्डाचा नसतो.

२१. पिक्चर ट्यूबला हात लावू का? जपानी कॅबिनेट थेट प्लगला लावू का?

दोन्हींचं उत्तर नाही. ट्यूबच्या अॅनोडवर २० हजार व्होल्टच्या वर असतात आणि बंद केल्यावरही टिकतात. ज्याने हे काम आधी केलंय त्याच्या शेजारी बसून शिका. जुन्या अमेरिकी मॉनिटरना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. जपानी कॅबिनेट १०० व्होल्टचं असतं, आपल्या २३० वर लावलं तर फार वेळ वाट बघावी लागत नाही.

२२. पावसाळ्यात बोर्ड कसे ठेवायचे? माझ्याकडचे कोकणात आहेत.

अँटिस्टॅटिक पिशवी, आत सिलिका जेल, बाहेर घट्ट झाकणाचा डबा. सुट्या आयसी काळ्या फोममध्ये खोचून वर्षानुवर्षं ठेवू नका. तो फोम विरघळतो आणि पाय गंजवतो. वर्तमानपत्रात तर अजिबात नाही, कागद ओल धरतो. सिलिका जेल जून संपता संपता एकदा आणि गणपतीच्या आधी एकदा तव्यावर मंद आचेवर कोरडं करून घ्या. तवा मात्र वेगळा ठेवा, घरच्यांनी विचारण्याआधी.